बिनडोळ्यांची बाई

माझ्या वडिलांचं एक चित्र नागपुरातल्या एका कलादालनात लावलेलं आहे. लावलेलं म्हणजे जिन्याखाली, पाण्याच्या कूलरच्या बाजूला, जिथे लोक ओंजळीने पाणी पितात आणि ओले हात भिंतीकडे झटकतात. चित्राखाली पितळी पाटी आहे. पाटीवर वडिलांचं नाव, त्याखाली 'बसलेली स्त्री', आणि त्याच्याही खाली कंसात एक शब्द: अपूर्ण.

ती पाटी काढा म्हणून मी तिथल्या एकेका साहेबाचं डोकं खाल्लं आहे. एक म्हणाला, "मॅडम, रेकॉर्डला तसंच आहे." दुसरा म्हणाला, "पण डोळे तर खरंच नाहीत ना?" तिसऱ्याने चहा मागवला. चहा पिऊन मी घरी आले आणि ठरवलं, आता हे लिहून काढायचं. शांतपणे लिहिणं मला जमणार नाही, ते आधीच सांगून ठेवते.

बाबा चितार ओळीतले. ही नागपुरातली मूर्तिकारांची गल्ली. पोळा जवळ आला की तिथे पाय ठेवायला जागा नसे. दोन्ही बाजूंना ओल्या मातीचे गणपती वाळत उभे, मधून सायकल काढायची तर घंटी वाजवून उपयोग नाही, उतरूनच चालायचं. मूर्तीला रंग चढला की चेहऱ्यावर फडकं टाकत. डोळे सगळ्यांत शेवटी. ते काम घरातल्या एकाच माणसाचं, आणि त्याने ते आंघोळ करून, उपाशीपोटी करायचं. डोळे उघडले की मूर्ती 'झाली'. त्याआधी गिऱ्हाईक ती उचलत नसे आणि मूर्तिकारही देत नसे.

आमच्या घरात हे डोळे उघडण्याचं काम मिसरूड फुटायच्या आधीपासून बाबांकडे होतं. त्यांच्या हातचा गणपती खोलीत कुठेही उभं राहा, आपल्याकडेच बघतो, अशी ख्याती होती. आमच्या महाल भागातली जुनी माणसं मला लहानपणी सांगायची की तुझ्या बापाचा हात डोळ्यांसाठीच जन्मला आहे. हे मी मुद्दाम आधी सांगते आहे. कारण पुढे निम्म्या गावाने ठरवून टाकलं की मास्तरांना डोळे काढताच येत नाहीत.

बाबा मुंबईच्या कलाशाळेत शिकले. तिथल्या वाचनालयात त्यांनी परदेशी चित्रांची पुस्तकं पाहिली आणि त्यांचं डोकं फिरलं, असं आमचे नातेवाईक म्हणत. मला विचाराल तर जागेवर आलं. सोबतचे काही जण मुंबईतच राहिले आणि मोठे झाले. बाबा परतले, कारण आजोबा गेले होते आणि धाकटा भाऊ, म्हणजे माझे काका, अजून शाळेत होते. काका मोठे झाल्यावर बाबांनी मूर्तींचा कारखाना त्यांच्या हाती दिला आणि स्वतः एका शाळेत ड्रॉइंग मास्तर झाले. दिवसभर पोरांकडून सुरई आणि पेरू काढून घ्यायचे, एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांना बसवायचं, आणि घरी येऊन आपलं काम करायचं.

हे आपलं काम या भागात तेव्हा दुसरं कोणी करत नव्हतं. सपाट रंग, सावली नाही. खांद्यापासून मनगटापर्यंत एका दमात ओढलेली रेघ. कामठीच्या हातमागावरच्या बायका, बुधवार बाजारातले हमाल, संत्र्यांच्या पाट्यांवर वाकलेली माणसं. पाय मोठाले, हात मोठाले. चेहरा म्हणजे गव्हाळ रंगाचा एक लांबट गोल, त्यात नाकाची रेघ, आणि बस. डोळे नाहीत.

त्यातलंच हे आईचं चित्र. मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. आईचं माहेर कुहीकडचं, धानाचं. मामा दरवर्षी तांदूळ पाठवायचा आणि आई मधल्या दारात बसून सुपात ते निवडायची. उजेड तिच्या डाव्या अंगाला यायचा. बाबांनी तिला तशीच धरली. तिला बसवून ठेवलं नाही, ती बसायचीच. ती निवडत होती आणि ते रंगवत होते, आणि मधून मधून दोघं भांडत होते, कारण बाबा रंगात घालायला स्वयंपाकघरातलं जवसाचं तेल उचलत. आमच्याकडे तेव्हा भाजी त्याच तेलात व्हायची.

"बरणी रिकामी करून टाकली तुमी! आता फोडणी कशात देऊ? रंगात?"

"अर्धी वाटीच घेतली वं."

"अर्धी वाटी रोज घेऊन राहिले तुमी."

तेल जायचं तसं कामालाही यायचं. रंग आमच्या हाताला, फ्रॉकला, दाराच्या कडीला लागलेला असायचा. आई पदराचं टोक तेलात बुडवून तो पुसून काढायची, हलक्या हाताने, खालचं काही न खरवडता. तिच्या प्रत्येक लुगड्याचा पदर टोकाला रंगलेला असे. चांगलं लुगडं असं तिच्याकडे एकच राहिलं होतं, तेही पेटीत.

चित्र संपलं की बाबा ब्रश खाली ठेवत आणि एकच शब्द बोलत: "झालं." आई हातातलं काम टाकून येई, कमरेवर हात ठेवून बघे आणि म्हणे, "झालं कुठं? डोळे राहिले ना!" हे प्रत्येक चित्राला. स्वतःच्या चित्राला तर तिने जास्तच लावून धरलं. "बाया मले पुसतात, तुह्या नवऱ्यानं तुले आंधळी काहून केली? काय सांगू मी त्यायले?"

बाबा हसायचे. ते कोणालाच काही सांगत नसत. मी कॉलेजात गेल्यावर मात्र एकदा हट्टाला पेटले. उन्हाळ्याची दुपार होती, दारा-खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून झालं होतं. मी म्हटलं, आज सांगितल्याशिवाय मी हलणार नाही.

"पाह्य पोरी," ते म्हणाले, "माहा बाप दिवस दिवस खपून एक खांदा घडवे. पोटाची घडी घडवे. अन् मी डोळे काढले का माणूस ये, डोळ्याले पाहे, हात जोडे अन् चालला. खांदा कोणी पाहिलाच नाही. डोळे असले का पाहणारा हात जोडते. मले हात जोडणारा नको, पाहणारा पाहिजे."

यापेक्षा सोपं कोणी काय सांगावं? पण हे विचारायची तसदी गावात कोणी घेतली नाही. चितार ओळीने सगळ्या गावाला एकच गोष्ट शिकवली होती: डोळे शेवटी. म्हणजे डोळे नाहीत, म्हणजे काम बाकी. बाबांच्या चित्रापुढे उभा राहणारा प्रत्येक माणूस तेच विचारी, अगदी मायेने विचारी, आणि त्या मायेने मला अजून कापरं भरतं: "मास्तर, पूर्ण कधी करता?"

साठच्या दशकात त्यांनी सीताबर्डीवर एका सभागृहात प्रदर्शन भरवलं. स्वतःच खिळे ठोकले, स्वतःच चित्रं टांगली. इतवारीचे एक सराफ आले. आईच्या चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आला एक पाहणारा. ते म्हणाले, "मास्तरजी, माल अच्छा है. आँखें लगवा दो, कल ही उठा लेता हूँ." माल! बाबांनी नम्रपणे नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी एक तरुण वकील मित्रांचं टोळकं घेऊन आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मास्तर, बाईला मोतीबिंदू झाला का हो?" सभागृह खो खो हसलं. आई तिथेच होती, लोकांना पाणी देत होती. ती पाण्याचा गडू खाली ठेवून बाहेर पायरीवर जाऊन बसली. हे वकील लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहेत.

त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत बाबांचा बडग्या निघाला. गावाला जे जे छळतं त्याचा पुतळा करून वाजत गाजत गावाबाहेर न्यायचा आणि जाळायचा, ही आमची रीत. महागाईचा बडग्या असतो, लाचखोरीचा असतो. त्या वर्षी एक चित्रकाराचा होता. हातात केरसुणीएवढा ब्रश, आणि चेहऱ्याला डोळे नाहीत. एका ड्रॉइंग मास्तराने गावाला काय छळलं होतं ते मला आजही कोणी सांगावं. बाबा चौकात उभे राहून बघत होते. घरी येऊन म्हणाले, "हात चांगला जमला होता त्यायले." त्यांना राग येत नसे. सगळा माझ्याकडेच आला आहे.

गंमत बघा. शाळेच्या स्नेहसंमेलनाला सरस्वती लागली की मास्तर. पुढाऱ्यांची तैलचित्रं लागली की मास्तर. बाबा ती काढून देत, डोळ्यांसकट, आणि लोक हात जोडत. तीच माणसं वळून म्हणत की घरची चित्रं मात्र मास्तर अर्धी टाकतात, चिकाटी नाही. बाबांनी आपली चित्रं मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून रचून ठेवली आणि काम करत राहिले. सत्तरचं सगळं दशक असंच गेलं.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचाही गेली. 'हो', 'नाही', 'पाणी' असे मोजके शब्द उरले, तेही ओठ वाकडे करून, घाम गाळून काढावे लागत. 'झालं' हा शब्द त्यानंतर बरेच महिने आम्ही ऐकला नाही, कारण ब्रश धरणं संपलं होतं. मी धंतोलीत सासरी होते, कॉलेजात शिकवत होते. रोज संध्याकाळी जायचे. बाबा आरामखुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत. आईने आपलं चित्र तिथे टांगलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "दुसरं काय पाहतील वं ते? छत?"

तेवढ्यात दिल्लीहून एक बाई आल्या. चित्रांवर लिहिणाऱ्या. त्यांनी मागच्या खोलीतलं एकेक चित्र उजेडात आणून पाहिलं, जेवायलाही उठल्या नाहीत, आणि जाऊन एका इंग्रजी मासिकात लिहिलं की नागपुरात एक फार आधीचा आधुनिक चित्रकार राहतो आणि त्याचं कोणाला काही पडलेलं नाही. झालं, गाव खडबडून जागं झालं! इतकी वर्षं बाबा चालत शाळेत जायचे तेव्हा कोणाला दिसले नाहीत. दिल्लीच्या बाईंनी बोट दाखवल्यावर दिसले.

सत्कार समिती स्थापन झाली. अध्यक्ष कोण? तेच ते मोतीबिंदूवाले वकील. आता केस पांढरे झाले होते, अंगावर जाकीट आलं होतं. हिवाळी अधिवेशन भरलेलं. त्या दिवसांत नागपुरात संत्री आणि मंत्री दोन्ही मुबलक मिळतात, तेव्हा एक मंत्रीही ठरले. समितीचे लोक हातठेला घेऊन आले आणि चित्रं घेऊन गेले. भिंतीवरचं आईचं चित्रही काढलं, कारण अनावरण त्याचंच होणार होतं. बाबा त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिले. पण ते खूश होते. आईने सांगितलं, रोज सकाळी डाव्या हाताने खूण करून विचारतात, किती दिवस राहिले? आपली चित्रं आपल्या गावाच्या भिंतीवर, न हसणाऱ्या माणसांपुढे. आयुष्यभरात एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते होऊ घातलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी सभागृहात गेले. बाबांची खुर्ची कुठे ठेवणार, पायऱ्या किती चढाव्या लागणार, हे बघायला. मंचावर चित्रावर मखमली पडदा होता. मी सहज एक बाजू उचलली.

आईने माझ्याकडे पाहिलं.

माझ्या हातून पडदा सुटला. मी परत उचलला. त्या गव्हाळ गोलात दोन डोळे होते. लांब, कानाकडे गेलेले, काळ्याभोर पापण्यांचे, बुबुळात पांढरा ठिपका. मी डावीकडे सरकले, डोळे डावीकडे आले. उजवीकडे सरकले, उजवीकडे आले. सुंदर होते. तेच तर! अडाण्याने फासलेले असते तर मी निदान हसले असते. हे डोळे कोणाच्या हातचे ते मला क्षणात कळलं, कारण दर गणपतीला मी ते बघत आले होते. खाली सूप होतं, खांद्याची ती एका दमाची रेघ होती, पण माझी नजर तिकडे जाईचना. मी स्वतःला फरफटत खाली न्यायचे आणि ते डोळे मला वर ओढायचे. बाबांनी त्या दुपारी जे सांगितलं होतं ते माझ्यापुढे उभं होतं.

मी बोट लावलं. काळा रंग बोटावर आला. ओला होता.

वकीलसाहेब खुर्च्या मोजून घेत होते. मी त्यांना धरलंच. "हे काय केलंत तुम्ही?"

"अरे ताई, पाहिलं का? सरप्राइज ठेवलं होतं तुमच्यासाठी!" त्यांना खरोखर वाटत होतं की मी आभार मानायला आले आहे. "सरांचा हात गेला, चित्र अर्धवट राहिलं. आम्ही म्हटलं, मंत्र्यांच्या हस्ते अपूर्ण चित्राचं अनावरण कसं करायचं? अपशकुन वाटतो. मग त्यांच्याच भावाला विनंती केली. घरचा माणूस. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही, हां!"

"ते चित्र वीस वर्षांपूर्वी पूर्ण झालंय. तुम्ही पाहिलंय ते. तुम्ही त्याच्यासमोर हसलाय."

त्यांना आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. म्हणाले, "ताई, भावना समजतो मी तुमच्या. पण अब देखो, मंत्री येऊन राहिले, प्रेसवाले येऊन राहिले. कार्यक्रम होऊन जाऊ द्या, मग बसून बोलू." मी पडद्याकडे निघाले तर दोन कार्यकर्ते मध्ये आले, हात जोडून. आमच्याकडे माणसाला अडवायचं तेही हात जोडूनच.

काका मागच्या खोलीत हार मोकळे करत बसले होते. मी जाऊन ओरडले. आयुष्यात त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. ते गोंधळून उभे राहिले.

"काहून रडून राहिली पोरी? दादाचेच रंग घेतले मी. वयनी मंदिरात गेली होती अन् दादा निजला होता तवा रंगाची पेटी घेऊन आलो. आंघोळ करून, उपाशी राहून काढले. दादाच्या चित्राले हात लावाचा म्हंजे का मजाक आहे?"

"काका, बाबांना डोळे काढायचेच नव्हते."

"असं कोणाले नसते का? राहून गेलं त्याचं. शाळा, संसार, पोरंबाळं. अन् आता हात गेला. एवढं काम अर्धं टाकून तो वर जाईन तं त्याच्या जिवाले शांती भेटन का? मी नाही करन तं कोण करन?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "डोळे त्यानंच शिकवले मले. माहा हात धरून शिकवले."

आता या माणसावर मी कसली चिडणार? सख्खा भाऊ, जन्मभर सोबत राहिलेला, प्रत्येक चित्र पाहिलेला, आणि त्यालाही वाटत होतं की दादाचं काम राहून गेलं आहे. वकिलाला निदान शिव्या देता येत होत्या.

मी रिक्षा करून घरी गेले. दोघांना येऊच द्यायचं नाही, असं मनाशी ठरवलं होतं. बाबा तयार होऊन बसले होते. दाढी केलेली, पांढरा सदरा, कोट. डाव्या हाताने कोटाचं बटण लावायचा प्रयत्न चालला होता आणि चेहऱ्यावर असं काही होतं की माझं तोंडच उघडेना. मी आईला स्वयंपाकघरात ओढलं आणि सगळं सांगितलं. तिने पेटीतलं ते एकच चांगलं लुगडं नेसलं होतं. ती ऐकत राहिली. मला वाटलं, रडेल, चिडेल. की तिला बरंच वाटेल? वीस वर्षं तीच तर डोळे मागत होती.

"चाल," ती म्हणाली. "उशीर होऊन राहिला."

सभागृह गच्च भरलं होतं. बाबांची खुर्ची मंचावर, चित्राच्या समोर. समई पेटली. मंत्री बोलले, कशावर ते त्यांनाच माहीत. वकीलसाहेब बोलले: "सरांची प्रतिभा आम्ही तेव्हाच ओळखली होती." शपथेवर सांगते, हेच शब्द. मग त्यांनी पडदा ओढला.

टाळ्या कोसळल्या. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने खरोखरच हात जोडले.

बाबांनी चित्राकडे पाहिलं. आधी त्यांना कळलं नाही. मग डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून उचलला गेला आणि हवेत थरथरत राहिला. "न," ते म्हणाले. "न... न..." तोंडातून लाळ आली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते उठायला बघत होते आणि उजवा पाय उठू देत नव्हता. वकीलसाहेबांनी माइक ओढून घेतला. "पाहा मंडळी, सरांच्या डोळ्यांत आनंदाश्रू आले आहेत!" आणि टाळ्या दुप्पट झाल्या. माझे वडील सगळ्या गावासमोर 'नाही' म्हणत होते आणि गाव टाळ्या वाजवत होतं. एवढा संताप मला त्याआधी कधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही.

साडी-चोळी देऊन ओटी भरायला आईचं नाव पुकारलं. ती मंचावर चढली. ओटीचं ताट घेऊन एक बाई पुढे आल्या, तर आईने त्यांना हाताने बाजूला केलं आणि सरळ समईपाशी गेली. पदराचं टोक समईच्या तेलात बुडवलं. ते एकच चांगलं लुगडं. चित्रासमोर उभी राहिली आणि आम्हा पोरांच्या हातावरचा रंग पुसायची तशी, हलक्या हाताने, एक डोळा पुसू लागली.

"वयनी!" खालून काका ओरडले. "वयनी, काय करून राहिल्या तुमी?"

आई थांबली नाही. मान वळवून म्हणाली, "भाऊजी, तुमच्या हातचे डोळे देवाले शोभतात. मी कुठची देव? मी तांदूळ निवडून राहिली होती."

तिला अडवायचं कसं, हे कोणाला सुचेना, कारण चित्रात तीच होती. वकीलसाहेब माइक हातात धरून बाबांच्या खुर्चीपाशी उभे होते आणि तो चालू होता. काळा रंग पदरावर आला. मग पांढरा. तिने कोरडं टोक घेऊन पुन्हा पुसलं. खालचा गव्हाळ रंग होता तसा वर आला. दुसरा डोळाही गेला. तेवढ्यात माझी नजर आपसूक खाली उतरली, त्या खांद्यावर, मग दंडावर, मग सुपातल्या बोटांवर.

आई दोन पावलं मागे सरली. कमरेवर हात ठेवून, घरी बघायची तशी, तिने चित्र पाहिलं. नीट, वेळ घेऊन. मग बाबांकडे वळली आणि विचारलं, "झालं?"

बाबांचे ओठ हलू लागले. मान ताठ झाली, गळ्याची शीर फुगली. कितीतरी महिन्यांत जो शब्द निघाला नव्हता तो त्यांनी ओढून बाहेर काढला, आणि वकीलसाहेबांच्या हातातल्या चालू माइकने तो शेवटच्या रांगेपर्यंत नेला.

"झालं."

कलादालनाची समिती पुढे याच सत्कार समितीतून निघाली. पाटी त्यांनीच लावली. ते सगळे त्या दिवशी पहिल्या रांगेत बसले होते आणि त्यांनी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.